खटका

पहाटे जाग येते ती गजराने नाही,
उजव्या अंगठ्याने येते.
तो तळव्यात शिरून बसलेला असतो,
थंडीत पोटाशी पाय घेतलेल्या कुत्र्यासारखा.
डाव्या हाताने त्याला उठवावं लागतं,
दमाने, चुचकारत,
आणि मग तो एकदम सरळ होतो. खट.
शेजारच्या खोपीतल्या शेवंताला वाटलं
मी कडी काढली.

जानोरीच्या बागेत विरळणी चालू आहे.
मणी दाटले की एकमेकांना चेपतात,
म्हणून घडात कात्रीचं टोक घालायचं,
पाकळीमागे पाकळी मोकळी करायची,
थोडे ठेवायचे, बाकीचे खाली.
एका घडाला साठेक कात्र्या.
दिवसाला घड किती, ते मी मोजत नाही,
मुकादम मोजतो.
अंगठाही मोजत असावा.

मान वर, हात वर.
पायाखाली हिरवे मणी चुरडतात.
पहिल्या वर्षी वाईट वाटायचं.
आता चप्पल घसरते, तेवढंच.

एक खाडा करून सिव्हिलला गेले.
दिंडोरीहून सीबीएस, तिथून पायी,
केसपेपर, रांग, मग दुसरी रांग.
डॉक्टरीण माझ्या धाकट्या बहिणीएवढी.
तिने अंगठा हातात घेतला, वाकवला, सोडला. खट.
म्हणाली, याला ट्रिगर म्हणतात,
बंदुकीचा घोडा असतो ना, तसा अडकतो.
मी म्हटलं, ताई,
गोळी कुठे जाते ते तरी सांगा.
हसली.
मग कागदावर लिहिलं:
हाताला सहा आठवडे विश्रांती.

सहा आठवडे!
तेवढ्यात बागेतला मणी गोटीएवढा होतो.
कागदाच्या चार घड्या केल्या,
मोबाइलच्या कव्हरात ठेवला.
त्याला तरी विश्रांती.

रेशनच्या दुकानात मशीन अंगठा मागतं.
लावला. लाल दिवा.
पुसून लावला. लाल.
पदराला घासला, फुंकर मारली, लाल.
दुकानदार म्हणाला, वहिनी,
याच्यावर रेषाच उरल्या नाहीत.
मागून कुणीतरी म्हणालं,
एवढं काय लिहून घेतलंत त्याच्याकडून?

मी सातवी शिकलेय.
सही येते मला, वळणदार,
भोयेच्या भला नीट गाठ मारून.
पण मशीनला सही नको होती.
आजवर लोकांनी अंगठा दाखवला, समजू शकते.
माझाच मला दाखवेल
असं वाटलं नव्हतं.

शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं.
जन्मभर नुसतं शेजारी बसून राहिलेलं ते बोट,
पंधरा किलो तांदूळ घेऊन आलं घरी.

तेव्हापासून डाव्याला कामाला लावतेय.
भाकरी थापताना तो मागे राहतो,
जयूची वेणी घालताना तिसरा पेड विसरतो.
कात्री तर त्याच्या हातात बसतच नाही,
घडवणाऱ्याने ती उजव्यांसाठीच घडवलेली.
काल पहिल्याच घडाचा शेंडा गेला.
पुंजाराम मुकादम वरच्या ओळीतून ओरडला,
झोपेत कापतेस का गं?

झोपेतही कापते.
नवरा सांगतो, रात्री गोधडीवर
तुझी बोटं उघडतात, मिटतात, उघडतात.
त्याने एकदा माझा हात धरून ठेवला म्हणे,
तरी थांबला नाही.

संध्याकाळी पातेल्यात कोमट पाणी, मूठभर मीठ.
हात आत सोडून मी चुलीकडे बघत बसते.
जयू पाढे टाकून जवळ येते,
ओला अंगठा दोन्ही मुठींत धरते,
वाकवते,
श्वास रोखून वाट बघते.

खट.

खिदळते.
परत कर ना आई, म्हणते.
कळ कोपरातून खांद्यापर्यंत गेलेली असते.
मी थोडं पाणी ढवळते,
आणि परत करते.